सेकंदाला चार हजार

जुन्या सर्व्हरने सेकंदाला बावन्न उत्तरं दिली आणि नव्याने चार हजार. भिंतीवरच्या पडद्यावर दोन आकडे शेजारी शेजारी आले तसे संस्थेच्या संचालकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष भाईदास आप्पा तर खुर्चीतून अर्धे उठलेच.

नवा सर्व्हर उभा करणाऱ्या जागृतीने परीक्षा घेतलीही होती झोकात. हजारो पालक एकाच वेळी वसतिगृहाचा प्रवेशअर्ज मागताहेत असं सोंग करणारा प्रोग्राम तिने सकाळी दोन्ही सर्व्हरवर सोडला होता आणि कोण किती झरझर उत्तरं देतो ते मोजलं होतं. ब्राह्मणपुरीची पोर, पुण्यात चार वर्षं नोकरी करून तळोद्याला परत आलेली. आता मागे हटते कशाला! "जामसिंग सरांच्या सर्व्हरला काठी आणून द्यायला हवी," असंही ती बोलून गेली आणि सगळे खो खो हसले. जामसिंग सरही हसले. तो जुना सर्व्हर नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच उभा केला होता. जागृतीला शाळेत असताना संगणक उघडून आतलं दाखवणारे मास्तरही तेच.

अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता. सातपुड्यातून जीपने उतरलेले आईबाप सकाळपासून बाहेरच्या बाकावर ताटकळले होते. आप्पांना हुक्की आली, नव्या सर्व्हरवरचा पहिला अर्ज आपल्यासमोर होऊन जाऊ द्या. सर जाऊन सोमीबाईला आणि तिच्या मुलीला, रमिलाला, आत घेऊन आले. सोमीबाईला डोंगरातली पावरी बोलीच येई, म्हणून सरच दुभाषे झाले. पाड्यावरची शाळा सातवीला संपते, इथे जागा मिळाली नाही तर पोरगी आईबापांबरोबर गुजरातेत ऊस तोडायला जाणार, हे त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. रमिला गुणपत्रिका छातीशी धरून उभी होती.

जागृतीने बटण दाबलं. पडद्यावर आलं, पान सापडले नाही. डोळा लवायच्या आत उत्तर. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, तितक्याच झटकन.

आधी तिने भिंतीवरचा पडदा बंद केला, मग आपल्या लॅपटॉपवर सकाळच्या परीक्षेची नोंद उघडली. ओळीमागून ओळ, पान सापडले नाही, पान सापडले नाही. प्रवेशअर्ज नव्या सर्व्हरवर चढवायचाच राहून गेला होता. सेकंदाला चार हजार वेळा तो फक्त नाही म्हणत होता, आणि नाही म्हणायला असा वेळ तो काय लागतो? तिने उत्तरं मोजली होती. उत्तर काय येतंय ते एकदाही वाचलं नव्हतं. शिकाऊ पोरसुद्धा करणार नाही अशी चूक, तीही टाळ्या घेऊन झाल्यावर.

"काय व्हयनं?" आप्पांनी विचारलं.

जागृतीने लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. सरांनी तिच्या खांद्यावरून लॅपटॉपकडे एक नजर टाकली.

"वायर ढिली राहिली असेल माझ्याकडून," ते म्हणाले, आणि जुना सर्व्हर जोडायला वाकले.

आप्पा वैतागले. नऊ वर्षं झाली तरी साधी वायर लावता येत नाही, पोरीचं वर्ष गेलं असतं म्हणजे, असं त्यांनी सरांना चारचौघांत सुनावलं. सर खाली मान घालून ऐकत राहिले. जागृतीला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, आप्पांचं बोलणं तरी संपू दे. आप्पांचं बोलणं संपलं आणि ती गप्पच राहिली.

जुन्या सर्व्हरने जरा वेळ घेतला, पण अर्ज उघडला. रमिलाचं नाव भरलं गेलं, पोच आली. सोमीबाईने पदराची गाठ सोडली, मूठभर चारोळ्या काढून जागृतीच्या हातावर ठेवल्या आणि काहीतरी म्हणाली. सरांनी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

"मॅडमनी माझ्या पोरीचं काम केलं, म्हणते."

जागृतीला तिच्याकडे बघवेना. मायलेकी बाहेर पडल्या तशी तीही सरांच्या मागोमाग वऱ्हांड्यात आली.

"सर, तुम्हाला कळलं होतं ना?"

"सकाळीच. तूच बघशील म्हणून थांबलो. फक्त जुना बंद केला नाही."

"मग आत का नाही बोललात?"

"आत रमिलाचा अर्ज अडला होता," सर म्हणाले. "तुझं काय, तू उद्याही सांगू शकतेस."

एवढं बोलून ते बाकावरच्या पुढच्या माणसाला बोलवायला गेले. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, असं जागृतीला वाटून गेलं. ती तशीच मागे वळली. आत आप्पा फोनवर कुणाला तरी नव्या सर्व्हरचं कौतुक सांगत होते, पोरगी आपल्याच भागातली शे, म्हणत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि फोन खाली ठेवा म्हणून तिने हाताने खुणावलं. संचालक चहाचे कप हातात घेऊन बघत राहिले. पुण्याला गेल्यापासून तिने कचेरीत घरची बोली कधी तोंडावर येऊ दिली नव्हती. आता मात्र तिला दुसरे शब्द सुचेनात.

"आप्पा, सरनी नही," ती म्हणाली. "चूक मन्ही शे."