चांदीची पारख

शनिवारी दुपारी पार्सल आलं आणि मी अक्षरशः नाचलो. हजार वर्षांपूर्वीची अँग्लो-सॅक्सन पेनी, म्हणजे जुन्या इंग्लंडचं नाणं, अस्सल चांदीची, अंगठ्याच्या नखाएवढी, अमेरिकेत आमच्या अल्फारेटातल्या किचनमध्ये!

"देवयानी, ये ना! नाण्यावरच्या राजाच्या गालावरची खूण बघ." मी बायकोच्या हातात भिंग दिलं. "चांदी खरी आहे का ते बघायला व्हायकिंग लोक चाकूचं टोक खुपसायचे. त्याची बारीक चंद्रकोर उमटते. विकणाऱ्यानं टाकलेल्या फोटोतसुद्धा आहे."

"पण मला दोन दिसतायत."

खरंच दोन होत्या. दुसरी चकचकीत, ताजी वाटत होती. मी तर आणखीच खूश झालो. फोटोत आली नसेल.

तेवढ्यात पॅन्ट्रीतल्या देवघरातून बारीक आवाज आला. टक्.

देवयानी आत गेली आणि चांदीचं निरांजन घेऊन आली. त्याच्या काठावर तशीच चंद्रकोर होती.

"हे तू केलंस?"

"वेडी आहेस का? पण सेम टू सेम आहे यार!" मी हरखून निरांजन भिंगाखाली धरलं.

टक्. या वेळी बेडरूममधून. तिथे आमची सात महिन्यांची सावनी झोपली होती.

आम्ही धावलो. ती जागी होती, कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखी खिदळत होती. तिच्या पायातल्या दोन्ही चांदीच्या वाळ्यांवर चंद्रकोरी होत्या.

देवयानीनं तिला झटकन उचललं. सावनी आणखी मोठ्यानं हसली आणि कालच दिसू लागलेला तिचा पहिला दात खिडकीच्या उजेडात चांदीसारखा चकाकला.

त्याच्यावरही तशीच खूण होती.