शेवटच्या गाठीवरचं कासव

“झाकण तुम्ही दिलं नाहीत, साहेब. वस्ती मागत राहिली, तुम्ही दिलं नाहीत. आणि पोरगं गेल्यावर म्हणालात, बाईचं लक्ष नव्हतं.”

बालवाडीची मावशी सकाळपासून हे तोंडातल्या तोंडात घोळवत होती. आज साहेब येणार होते. बालवाडीची खोली त्यांच्या कचेरीची. ती मुलांना कायमची द्यायची की काढून घ्यायची, हे त्यांच्या हातात. म्हणून बालवाडी चालवणाऱ्या मंडळाच्या दादांनी तिला कालच बजावलं होतं, “मावशी, उद्या तोंडाला कुलूप. खोली गेली तर पोरं पुन्हा उकिरड्यावर.” दादा वाईट नव्हते. स्वतःचं दुकान बंद ठेवून बालवाडीसाठी दारोदार हिंडायचे. त्यांच्याही तोंडाला कुलूपच होतं.

मावशी रोज दोरी घेऊन निघायची आणि घराघरातून मुलं गोळा करायची. दोरीला गाठी मारलेल्या, प्रत्येक मुलाची एक. पुढचं टोक मावशीच्या मुठीत. काही झालं तरी आपली गाठ सोडायची नाही, हा बालवाडीचा पहिला धडा. शेवटची गाठ कासवाची. त्याचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण चालणं असं की मुंगीसुद्धा कंटाळून पुढे जावी. म्हणून कासव.

आता ती गाठ रिकामी होती. मावशीने एकदा ती सोडवायला घेतली, तर मुलांनी रडून खोली डोक्यावर घेतली. तेव्हापासून ती तशीच धुळीतून फरफटत यायची.

उघड्या गटाराचं तोंड बालवाडीच्या अलीकडच्या वळणावर होतं. त्या दिवशी गटार तुंबलं होतं. रस्त्यावर काळं पाणी पसरलेलं, खड्डा कुठे ते दिसत नव्हतं. मावशीला मागून ओढ जाणवली. तिला वाटलं, रेंगाळलं कासव. “चल रे आळशा,” म्हणत तिने मागे न बघताच दोरीला हिसका दिला. दोरी लगेच हलकी झाली.

त्या वळणावर तिच्या मुठीला अजून रोज ओढ बसायची. बारीकशी. ती वळून बघायची. मागे रिकामी गाठ.

देणगीदारांनी भिंतींना रंग दिला, छोट्या खुर्च्या दिल्या, भिंतीवर हत्ती काढून दिला. झाकण मागितलं तेव्हा म्हणाले, ते रस्त्यावर येतं, आमची मदत खोलीच्या आतली. कचेरी म्हणाली, अर्ज पुढे गेलाय. तो पुढे गेलेला अर्ज कधी मागे वळला नाही. पोरगं गेल्यावरसुद्धा नाही. वस्तीनेच खड्ड्यावर एक मोडका दरवाजा टाकला.

आज वळणावर दरवाजा नव्हता. नवंकोरं लोखंडी झाकण बसलेलं होतं. साहेबांच्या गाडीचं चाक अडकायला नको, म्हणून पहाटेच माणसं लावून बसवलेलं.

मावशी जागीच थिजली. मुलं मात्र नाचायला लागली. “झाकण आलं! झाकण आलं!”

“अगं, एवढं काय त्यात?” कासवाच्या पुढची गाठ धरणाऱ्या चिमणीला तिने विचारलं.

“असं काय करतेस मावशी! आता कासव परत येणार ना?”

मावशीला आपलंच बोलणं आठवलं. सुरुवातीला मुलांनी विचारून विचारून जीव नकोसा केला होता. कासव कुठंय? कासव कुठंय? खरं काय ते तिच्या तोंडून निघेना. शेवटी रागाच्या भरात ती बोलून गेली होती, “साहेबांकडे गेलंय, झाकण मागायला.” त्यानंतर मुलांनी विचारणं सोडलं. तिला वाटलं, विसरली. मुलं विसरली नव्हती. वाट बघत होती.

साहेब आले. टाळ्या झाल्या. रंग देणाऱ्या काकूंनी त्यांना हत्ती दाखवला. साहेब म्हणाले, “मुलांच्या बाबतीत आम्ही हयगय करत नाही. आज सकाळीच बाहेर झाकण बसवून घेतलं.” दादांनी टाळी वाजवली. मावशीकडे बघायचं टाळून.

चिमणी उठली. तिने दाराबाहेर डोकावून बघितलं. खुर्च्यांखाली बघितलं. साहेबांच्या पाठीमागेही बघितलं. मग कोपऱ्यातल्या दोरीची शेवटची गाठ ओढत आणली आणि साहेबांच्या हातात ठेवली.

“ही त्याची आहे. त्याला द्या.”

“कुणाला, बाळ?”

“कासवाला. तुमच्याकडे झाकण मागायला आलंय ना ते?”

साहेब हसले. आणखी कुणी हसतंय का, म्हणून त्यांनी आजूबाजूला बघितलं. काकू हत्तीकडे बघत होत्या. दादांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मावशी, न्या बरं हिला बाहेर,” ते पुटपुटले.

सकाळपासून घोळवलेलं वाक्य मावशीच्या जिभेवर होतं. दोरीचं पुढचं टोक तिच्या पायाशी पडलं होतं, ते तिने उचलून मुठीत घट्ट धरलं. साहेब हातातली गाठ टाकायला गेले, तर चिमणीने त्यांची बोटं पुन्हा गाठीवर मिटवली.

मावशीच्या मुठीला ओढ बसली. बारीकशी. तीच.

या वेळी तिने हिसका दिला नाही.

“राहू दे, दादा,” ती म्हणाली. “खोली गेली तर गेली. तिला बोलू दे.”

चिमणीने मान वर करून साहेबांकडे बघितलं.

“झाकण तर दिलंत. मग त्याला अजून का सोडत नाही? सांगा ना.”