सातवा रकाना

तपासणी अधिकाऱ्याने अर्जातल्या सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. 'गेल्या तीन वर्षांत रुग्णालयाच्या संगणकांवर झालेले हल्ले' असा तो रकाना होता आणि त्यात तिने मोठ्या अभिमानाने 'शून्य' लिहिलं होतं.

"शून्याला गुण नाहीत, ताई," तो म्हणाला.

माणूस वाईट नव्हता. चहा संपेपर्यंत त्याने समजावून सांगितलं, की सरकारी निधी थोडा आणि मागणारे फार. संगणकांवर पहारा ठेवणारी एआय प्रणाली आधी पोळलेल्यांना मिळते. पलीकडच्या शहरातलं रुग्णालय हल्ल्यामुळे आठ दिवस बंद पडलं, त्यांना लगेच मंजूर झाली.

इथे शून्य होतं, कारण अकरा वर्षं ती संगणक कक्षात डोळ्यांत तेल घालून बसली होती. सगळे तिला कोतवालीण म्हणत. अनोळखी मेल उघडू नका, हे तिने मोठ्या डॉक्टरांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांना शंभरदा शिकवलं. ते माना डोलवायचे आणि आठवड्याभरात विसरायचे. मग ती निस्तरत बसायची. आता तिचा उजवा डोळा गेला होता आणि डावा फार तर वर्षभर साथ देणार होता. हे फक्त तिच्या बहिणीला ठाऊक होतं. तिच्यामागे तिची जागा भरली जाणार नव्हती. मग या दोनशे खाटांकडे कोण बघणार?

अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती. तिने अटी तीनदा वाचल्या. माहिती खोटी निघाल्यास जबाबदार कर्मचाऱ्याची नोकरी आणि निवृत्तिवेतन जाणार होतं. एकदा बसवलेली प्रणाली मात्र रुग्णांच्या हितासाठी काढली जाणार नव्हती.

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा तिने आपल्या संगणकाची नेटवर्कची केबल काढली, म्हणजे आग तिच्या टेबलापुरतीच राहणार होती. मग बाजूला काढून ठेवलेली एक विषारी मेल उघडली. तिच्या डोळ्यांदेखत एकेका फाइलला कुलूप लागत गेलं. तिने फोटो काढून अर्जाला जोडला आणि शून्य खोडून एक लिहिलं. चूक कोणाच्याही हातून होते, मनाला लावून घेऊ नका, असं अधीक्षक म्हणाले. ते ऐकून तिला रडूच आलं.

सात महिन्यांनी प्रणाली बसली. बसवायला आलेली इंजिनिअर तिला मावशी म्हणायला लागली होती. प्रत्येक इशाऱ्याखाली खरा की खोटा असं विचारलं जाईल, ते तेवढं नीट सांगा, असं त्या मुलीने निघताना बजावलं.

"तुम्ही सांगाल तेच ती शिकणार, मावशी. एकदा खोटं शिकवलंत, तर तसला चोर तिला पुन्हा कधी दिसणार नाही."

प्रणालीने आधी जुन्या नोंदी चाळल्या. तासाभरात पहिला इशारा आला. तिने डावा डोळा पडद्याजवळ नेला. 'मागील हल्ला संशयास्पद. केबल एक वाजून दहा मिनिटांनी काढली, मेल एक वाजून चौदा मिनिटांनी उघडली. हल्ला आतल्याच व्यक्तीने केला.'

खाली दोन बटणं होती. 'खरा' दाबलं, की इशारा थेट अधीक्षकांकडे जाणार होता. तिच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

तिला भीती वाटत होती, लाजही वाटत होती. पण उद्या याच खुर्चीत बसून कोणी वाईट मनाने हेच केलं तर?

तिने 'खरा' दाबलं.

'नोंद घेतली,' पडद्यावर अक्षरं उमटली. 'यापुढे लक्षात राहील.'

अकरा वर्षांत तिने शिकवलेलं कोणीतरी पहिल्यांदाच एका खेपेत शिकलं होतं.