चौथ्या मजल्यावरची तपासणी

घाटकोपरच्या कमलमावशींनी वीस वर्षं रस्ते झाडले. हल्ली चार पावलांत धाप लागायची. 'फुप्फुसांचा आजार वेळीच ओळखा, मोफत तपासणी' असा बोर्ड दिसला, तशा त्या आशेने गेल्या. शिबिर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! तिसऱ्या मजल्यावर त्या पायरीवरच बसल्या. आठ-दहा जणी तिथे आधीच धापा टाकत होत्या.

"मावशी, वर या ना, मशीनमध्ये नुसतं फुंकायचंय!" नर्स श्रुतिका वरून ओरडली.

"फुंकायला श्वास तर येऊ दे गं!"

तो येईपर्यंत शिबिर आटोपलं. गळ्यात हार घालून डॉक्टर खाली उतरले. जाता जाता खुशीत म्हणाले,


"तुमची वस्ती एकदम ठणठणीत हो! वर आलेल्यांत एकही पेशंट सापडला नाही."