एका फरशीएवढी जागा

"सगळं करा, पण ते पाऊल तेवढं सोडा," वडील फरशीवाल्याला म्हणाले आणि काठी टेकत जाऊन भिंतीलगत उभे राहिले, जणू कुणी त्यांना पहाऱ्यावर नेमलं होतं.

मागच्या पडवीचा कोबा पंचेचाळीस वर्षांचा. जागोजागी उखडलेला. गेल्या महिन्यात वडील तिथेच ठेचकाळले, म्हणून धाकट्या लेकीने फरशी बसवायचं काढलं होतं. पण भिंतीजवळ त्या सिमेंटात एक लहानसं पाऊल उमटलेलं होतं. थोरली चार वर्षांची असताना ओल्या कोब्यावर धावत आली. दुसरं पाऊल पडायच्या आत आईने तिला उचललं. ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागे, पोस्टमनचीही सुटका नव्हती. धाकटीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पुढे सहा वर्षांची असताना तिने खिळा घेऊन शेजारी आपलं पाऊल कोरायला घेतलं. खिळा वाकला, आणि कोबा खराब केला म्हणून पाठीत धपाटा मिळाला.

"ताई, तुम्हीच समजवा काकांना," फरशीवाला तिच्याकडे वळला. "तेवढाच भाग सोडला तर खड्डा होईल. पाणी साचेल."

जगाची ती ताई होती. घरात ताई म्हणजे एकच, आणि ती दोन वर्षांतून पंधरा दिवस यायची. सकाळीच तिचा फोन येऊन गेला होता. "माझं पाऊल झाकू देऊ नका हं बाबा!" तेव्हापासून वडील कसे टवटवीत झाले होते. एरवी त्यांना आंघोळीला उठवायचं तर अर्धा तास मिनतवाऱ्या कराव्या लागत.

इतकी वर्षं ही पडवी धाकटीनेच धुतली होती. त्या पाच बोटांच्या खळग्यांत साबणाचं पाणी राहतं म्हणून तिथे वाकून वेगळं फडकंही फिरवलं होतं. सिमेंटातल्या पावलाचा हेवा करू नये, हे तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. थोरलीचा तिला राग नव्हता. राग होता तो कोब्याचा, एका धावत्या पोरीला इतकी वर्षं धरून बसलेल्या.

"झाकून टाका," ती म्हणाली. "बाबा पुन्हा पडतील."

"नाही पडत मी. तिचं एवढं एक पाऊल तर आहे इथे."

"आणि मी दोन्ही पायांनी इथे आहे, ते?"

वडिलांना प्रश्नच कळला नाही. अगदी सरळ मनाने ते म्हणाले, "तू काय, तू आहेसच."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. फरशीवाल्याने ताणलेली दोरी उगाच पुन्हा ताणून पाहिली.

शेवटी तोडही त्यानेच काढली. पाऊल भिंतीला लागून होतं, तिकडून कुणी जात-येत नव्हतं. एका फरशीएवढा चौकोन रिकामा ठेवायचा, कडा घासून घ्यायच्या, पाण्याला बारीकशी वाट द्यायची. वडिलांनी खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. धाकटीने चहा टाकला.

दुपारी वडील आत जाऊन आडवे झाले. फरशीवाला काम करत करत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. त्याने दारासमोर सिमेंट-वाळूचा माल पसरला, थापीने सारखा केला आणि टबात भिजत घातलेली फरशी आणायला वळला. धाकटी उंबऱ्यातच उभी होती. तिने चप्पल काढली आणि उजवा पाय त्या ओल्या मालात रोवला. सगळं अंग त्या एका पायावर टाकलं.

"अहो ताई! हे काय!" फरशीवाला फरशी हातात घेऊन जागच्या जागी थांबला. "यावर फरशी बसायची आहे. कुणाला दिसणार आहे ते?"

"ठाऊक आहे मला."

"आणि खाली पोकळ राहिलं की फरशी वाजते. थांबा, सारखं करून घेतो."

"हात लावू नका. तशीच बसवा."

"लोक माझ्या कामाला नावं ठेवतील हो."

"मी सांगेन, मीच करायला लावलं म्हणून."

तो थोडा वेळ तिच्या सिमेंटने माखलेल्या पायाकडे बघत राहिला. मग त्याने फरशी अलगद टेकवली. रबरी हातोडीने चारही कोपरे ठोकले. मधोमध ठोकलं नाही.

दोन दिवसांनी पडवीवर चालायला हरकत नव्हती. वडील काठी घेऊन निघाले. आधी भिंतीकडे गेले, चौकोनात डोकावून थोरलीचं पाऊल पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि स्वयंपाकघराकडे वळले. काठी टक टक करत दारासमोर आली आणि तिचा आवाज बदलला. वडील थांबले. त्यांनी पुन्हा काठी आपटली. शेजारच्या फरशीवर आपटून पाहिली, आणि परत याच फरशीवर.

आत धाकटी त्यांचा चहा ओतून ठेवून भांडी लावत होती. तिचे हात थांबले.

"अगं," वडील म्हणाले, "इथे खाली काहीतरी राहिलंय."

"राहू दे," ती आतून म्हणाली.

वडील मात्र हलले नाहीत. काठी त्या फरशीवर टेकवून, मान कलती करून, ते पुन्हा पुन्हा वाजवून ऐकत राहिले. चहा गार होत होता. तिने त्यांना हाक मारली नाही.