हनुवटी

थेरपिस्टने थंड पाण्यातला चमचा काढून पाच वर्षांच्या मुलाच्या खालच्या ओठावर टेकवला.

"चला साहेब, दुकान बंद!"

त्याने ओठ मिटले. गळ्याशी काहीतरी हललं. लाळ गिळली गेली होती. थेरपिस्टने टाळीसाठी हात पुढे केला, तशी स्वारी खिदळली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्याची आई बघत होती. घरी तीही हेच करायची. तसाच चमचा, तसंच गार पाणी. पण घरी तिचा हा लाडका बोकोबा पंख्याकडे बघत बसायचा आणि दुकान दिवसभर सताड उघडं.

"याला लाळ जास्त सुटत नाही हो, आई. चारचौघांएवढीच सुटते," थेरपिस्ट म्हणाली. "ओठ सैल आहेत, आणि तोंड ओलं झालेलं त्याला जाणवत नाही. मग गिळायचं राहून जातं."

"जाणवत कसं नाही? हनुवटी सोलवटलीय त्याची. रोज मलम लावते मी."

"जाणवायच्या आत तुमचा रुमाल पोचतो ना! थोडं ओलं राहू दे. वर्गात कोण पुसणार आहे?"

आईने रुमाल पर्समध्ये कोंबला. कालची पोर ही. हिच्या खांद्यावर कधी कुणी दूध तरी ओकलंय का? आणि हा लबाड हिच्यासाठी गिळतो!

तेवढ्यात एक थेंब थेरपिस्टच्या बाहीवर पडला. आईला आतून गार वाटलं. मग लाज वाटली, पण जराशीच.

"आता आईपुढे बस हं," थेरपिस्टने त्याला वळवलं. "आई सांगेल, तू गिळायचं. आई, हात मात्र मांडीवर."

आई पुढे सरकली. "मिट रे राजा."

बोकोबाने तिच्याकडे पाहिलं. ओठ उघडेच राहिले. खालच्या ओठावर थेंब जमला, लांबला. त्याने डोळे मिटले, मान वर केली आणि हनुवटी तिच्यापुढे धरली. इतका वेळ थेरपिस्ट पुढ्यात बसली होती, पण तिच्यापुढे त्याने हनुवटी एकदाही अशी धरली नव्हती.

"आई, हात!"

हात केव्हाच पुढे गेला होता. थेंब तळव्यावर पडला, कोमट. तिने मूठ घट्ट आवळून पाठीमागे नेली.

"पुसली नाही मी," ती म्हणाली.