वाजवा

धुकं दरीतून वर चढलं आणि बघता बघता कोबीचे वाफे, बांध, गोठा, सगळं गिळून बसलं. खुंट्याची बायको दारात उभी होती. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नव्हती. चुकलेली गाय आपल्या पायांनी घरी आली होती, आणि तिला शोधायला गेलेला खुंट्या अजून वरच्या कुरणातच होता.

तिने दारामागचा दांडका उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

या गावात प्रत्येक दाराशी एक पत्रा टांगलेला असतो. धुक्यात कुणी अडकलं की पत्रे बडवायचे. सगळ्यांनी. एकट्या पत्र्याचा उपयोग नसतो, उलट घातच होतो. त्याचा आवाज समोरच्या कड्यावर आदळून तसाच्या तसा परत येतो, आणि चुकलेल्या माणसाला घर कुठलं नि कडा कुठला ते कळत नाही. मध्ये दरी. गावभर पत्रे वाजले की मात्र गाव कुठे आहे ते आंधळ्यालाही समजतं.

ती बांध चाचपत सुताराच्या ओट्यापर्यंत गेली. सुतार दाराच्या आत, दिव्याजवळ कुदळीचा दांडा तासत बसला होता.

"भावजी, हे वर अडकलेत. पत्रा वाजवा ना."

"कोण अडकलंय?" त्याने मान वर केली नाही. कोण ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"असं काय करता?"

सुताराने दांडा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहिलं. "वहिनी, आईला दवाखान्यात नेताना ती माझ्या पाठीवरच गेली. मला पत्ता नाही. निम्मा डोंगर मी मेलेल्या आईशी बोलत उतरलो. रस्ता असता तर गाडी दारात आली असती. रस्ता कुठे अडलाय?"

"आमच्या बांधाशी," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत हो ते. सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

"गावाचंही ऐकलं नाही त्याने. उगाच का खुंट्या म्हणतात?"

"म्हणून माणूस माराल?"

"मी काय करतोय?" सुतार म्हणाला. "मी बसलोय."

ती पुढच्या घरी गेली. गिरणीवाल्या मावशीने दार बोटभर उघडलं. तिच्या भुवयांवर पीठ होतं.

"मी वाजवला असता गं पोरी. पण एकटीने कसा वाजवू? बाकीचे वाजवायला लागले की बघ, मी पण वाजवते."

दार लागलं. त्यापुढच्या घरांनी तर दारंही उघडली नाहीत. एका घरात तिची हाक ऐकून कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणीतरी त्याला दटावून गप्प केलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. "ओऽऽ! वाजव गं!"

ती धावतच परत फिरली. ठेचकाळली, गुडघे फुटले, पण दारापर्यंत पोचली. धुक्यात वाट हरवली की होतं तिथेच बसून राहायचं, हे इथे मुलांनाही शिकवतात. पण खुंट्या बसणाऱ्यांतला नव्हता. आवाज मिळाला नाही तरी तो चालणारच. तिने दांडका उचलला आणि पत्र्यावर हाणला. पुन्हा हाणला. समोरून कडाही तितक्याच जोराने वाजला.

"आलो!" खुंट्या ओरडला. आवाज खुशीतला होता.

ती बडवत राहिली. तोंडाने कुणाकुणाला शिव्या देत होती, कुणाकुणाच्या पाया पडत होती.

"आलो गं!"

या वेळी आवाज वरून आला नाही. दरीच्या बाजूने.

तिचा हात वरच राहिला. "अहो, थांबा!" ती किंचाळली. "तिथेच बसा! हलू नका!"

कडाही म्हणाला, हलू नका.

"अगं, कुठे आहेस? थांबलीस का? वाजव!"

तिने दांडका टाकून दिला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिला वाटलं, आपण गप्प राहिलो तर तो कंटाळून तरी बसेल. गाव आता दारादारांत येऊन उभं होतं. दिसत कुणीच नव्हतं, पण दारांच्या कड्या निघाल्याचे आवाज तिने ऐकले होते. कुणी खोकत नव्हतं. कुणी लेकराला थोपटत असेल तर तेही हळू.

"वाजव ना गं! मी इथं..."

मग दगड घरंगळले. आधी थोडे, मग पुष्कळ. बराच वेळ घरंगळत राहिले. नंतर काहीच नाही.

ती तशीच उभी राहिली. श्वाससुद्धा घेईना, म्हणजे बारीकसा आवाज आला तरी सुटू नये.

सुताराचा पत्रा वाजला.

लगेच गिरणीवाल्या मावशीचा वाजला. मग त्यापुढचा, मग वरच्या आळीतले, खालच्या आळीतले. सगळं गाव जीव तोडून पत्रे बडवायला लागलं. असे पत्रे कधी वाजले नव्हते. भिंती दणाणल्या, गोठ्यातली गाय दावं तोडायला लागली, समोरचा कडा दुमदुमला.

ती धुक्यातून पडत, उठत पुन्हा सुताराच्या दारात पोचली आणि तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"थांबवा, भावजी! सगळ्यांना थांबवा! ते खाली कण्हत असतील. मला ऐकू तर येऊ द्या!"

सुताराने मनगट हळूच सोडवून घेतलं.

"आता गाव वाजवतंय वहिनी," तो म्हणाला, "तर वाजवू द्या."